ऐकू कमी येतंय? आधी कानात डोकावून बघा



पावसाळा सरत आला होता. भंडारदरा धरणाला लागून असलेल्या शेंडी गावात आम्ही काही डॉक्टर एका शिबिरासाठी गेलो होतो. दुपारी एक सून आपल्या सासऱ्यांना घेऊन आली. आजोबांनी सत्तरी ओलांडलेली. खुर्चीवर बसले आणि माझ्याकडे न बघता सुनेच्या तोंडाकडे बघत राहिले. ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं अशीच बघतात.

"डॉक्टर, मामांना दोन वर्षं झाली, ऐकायला येत नाही. वयच झालंय म्हणा. पण कानाचं मशीन मिळत असेल तर बघा," सून म्हणाली.

चौकशी केल्यावर बाकीचं कळलं. कार्तिकातल्या काकड आरतीला आजोबा दरवर्षी टाळ धरायचे. गेल्या वर्षी ठेका चुकायला लागला, पोरं हसली, तेव्हापासून जाणं बंद. घरातलं बोलणंही हळूहळू त्यांना वगळून व्हायला लागलं होतं. भात विकला की त्यांना दुसऱ्या दिवशी कळायचं. "सांगून काय उपयोग, दहादा ओरडावं लागतं," असं सून म्हणाली, आणि त्यात राग नव्हता, थकवा होता.

मी विचारलं, "दोन वर्षांत कुणी यांच्या कानात बघितलं का?"

कुणीच बघितलं नव्हतं. ओरडून बघितलं होतं, टाळ्या वाजवून बघितलं होतं, पण कानात कुणी डोकावलं नव्हतं. ऑटोस्कोप लावला तर दोन्ही कानांत काळपट, कडक मळाचे बोळे. कानाचा पडदा दिसायला जागाच नव्हती.

या आजोबांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. मधल्या वेळात तुम्हाला एक इतिहास सांगायचा आहे. कानात डोकावणं ही आज अर्ध्या मिनिटाची गोष्ट आहे, पण डॉक्टरांना ती जमायला दीड-दोन हजार वर्षं लागली. आणि जमल्यावरही आपण ती विसरतो.

मळ म्हणतो, पण तो घाण नाही

मराठीत आपण त्याला 'कानातला मळ' म्हणतो, आणि या शब्दाने निम्मा घोटाळा केला आहे. मळ म्हटला की तो अंगावरच्या मळासारखा घासून काढावासा वाटतो. खरं तर हे एक प्रकारचं मेण आहे. कानाची बाहेरची नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटीमीटर लांब असते. तिच्या बाहेरच्या भागातल्या त्वचेत ग्रंथी असतात, त्यांचा तेलकट स्राव आणि त्वचेच्या झडलेल्या पेशी मिळून हे मेण तयार होतं. ते धूळ आणि किडे अडवतं, त्वचा कोरडी पडू देत नाही, आणि थोडं आम्लधर्मी असल्यामुळे बुरशी आणि जंतूंनाही आवरतं.

आणखी एक गंमत म्हणजे कान स्वतःच स्वतःला झाडतो. कानाच्या पडद्यावरची आणि नळीतली त्वचा अगदी संथपणे आतून बाहेर सरकत असते, आणि जेवताना, बोलताना जबडा हलतो तसं जुनं मेण बाहेर येऊन गळून पडतं. त्यामुळे बहुतेक लोकांना कान आतून साफ करायची कधीच गरज नसते.

मग तो साठतो कुणाच्या कानात? ज्यांची नळी अरुंद किंवा जास्त वाकडी आहे त्यांच्या. ज्यांच्या कानात दाट केस आहेत त्यांच्या. वय वाढलं की मेण कोरडं होतं आणि सरकायला जड जातं, म्हणून म्हाताऱ्या माणसांच्या. जे कानात मशीन किंवा इअरफोन घालतात त्यांच्या, कारण बाहेरची वाटच बंद होते. आणि सगळ्यात जास्त म्हणजे जे रोज कान कोरतात त्यांच्या. मोरीत बोळा अडकल्यावर वरून काठीने ढोसलं तर बोळा आणखी आत जाऊन घट्ट बसतो. काडीने आपण कानात नेमकं हेच करतो.

मेण ओलं की कोरडं हेसुद्धा काही अंशी आईवडिलांकडून येतं. २००६ मध्ये जपानी संशोधकांनी त्यामागचा एबीसीसी-११ नावाचा जनुक शोधून काढला. चीन, जपान, कोरियात बहुतेकांचं मेण कोरडं, भुशासारखं असतं. युरोप आणि आफ्रिकेत ते बहुधा ओलसर, चिकट असतं. आपल्याकडे दोन्ही प्रकार सापडतात. म्हणून एकाच्या कानाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडेलच असं नाही.

तेल आणि शलाका

हा त्रास नवा नाही. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग मोजले आहेत. त्यात 'कर्णगूथ' म्हणजे कानात सुकून बसलेला मळ हा एक रोग, आणि 'बाधिर्य' म्हणजे बहिरेपणा हा त्याहून निराळा रोग. ही यादी मला फार शहाणपणाची वाटते. मळाने येणारा बहिरेपणा आणि खरा बहिरेपणा या दोन गोष्टींची गल्लत करू नका, असंच ती सांगते.

कर्णगूथावरचा उपायही बघण्यासारखा आहे. आधी तेलाने मळ ओला करायचा, मग शेक देऊन मऊ करायचा आणि नंतर वैद्याने शलाकेने, म्हणजे बारीक सळईने, तो काढायचा. यातला क्रम महत्त्वाचा: आधी मऊ करणं, मग काढणं. आणि काढायचा तो वैद्याने.

पहिल्या शतकातला रोमन लेखक सेल्सस यानेही जवळजवळ हेच लिहून ठेवलं आहे. मळ मऊ असेल तर कानकोरण्याने काढा, कडक असेल तर आधी औषध घालून तो सैल करा आणि मग कान धुवा. कानासाठीच्या खास पिचकारीचा उल्लेखही त्याच्या ग्रंथात आहे. एकमेकांपासून हजारो मैलांवरची दोन माणसं एकाच निष्कर्षाला पोचली होती.

आपल्या घरांत या शहाणपणातलं अर्धंच उरलं, ते म्हणजे तेल. बाळंतिणीच्या खोलीत बाळाच्या कानात तेल, दिवाळीच्या अभ्यंगस्नानाला कानात तेल, कान दुखला की लसूण घालून कढवलेलं तेल. अकोले तालुक्याच्या या डोंगरपट्ट्यात खुरासणी पिकते, त्यामुळे घरात खुरासणीचं तेल असतंच आणि तेच कानातही जातं. कानाचा पडदा धड असेल तर कोमट तेलाचे दोन थेंब मोठ्या माणसाला सहसा अपाय करत नाहीत. पण पडद्याला भोक असेल, कान वाहत असेल, तर तेच तेल आत जाऊन जंतुसंसर्ग वाढवतं. आणि तेल गरम असेल तर नळी भाजते. पडदा धड आहे की नाही हे घरी बसून कळत नाही. ते बघावंच लागतं.

दुसरं अर्धं, म्हणजे शलाका, रस्त्यावर गेलं. एकोणिसाव्या शतकातल्या कंपनी शैलीच्या चित्रांत, जिथे हिंदुस्थानातले वेगवेगळे धंदे रंगवले जात, तिथे कान साफ करणारा माणूसही दिसतो. मुंबईत दादर, बोरीबंदर, चौपाटी या भागांत लाल टोपी किंवा पागोटं घातलेले आणि त्यात सळई खोचलेले कानसाफवाले तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिले असतील. त्यांचा हात हलका असतो हे खरं. पण सळई उकळलेली नसते, उजेड पुरेसा नसतो, आणि पडदा फाटला तर ते काही करू शकत नाहीत.

अडचण उजेडाची होती

वैद्य आणि डॉक्टर इतके हुशार होते, तर ते कानात नीट बघत का नव्हते? कारण दिसतच नव्हतं. कानाची नळी अरुंद आहे, वळणाची आहे आणि आत अंधार आहे. चौदाव्या शतकातला फ्रेंच शल्यवैद्य गी द शोलियाक याने कान फाकवायचं एक साधन वापरून सूर्यप्रकाशात आत बघावं असं सांगितलं होतं. म्हणजे कान तपासायला ऊन पाहिजे! आपल्या भंडारदरा-घाटघर भागात जुलै-ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. घाटघरला तर लोक नगर जिल्ह्याचं चेरापुंजी म्हणतात. त्या हिशेबाने इथला कान चार महिने तपासताच आला नसता. दिवा जवळ न्यावा तर डॉक्टरचं डोकंच उजेडाच्या आड येणार.

ही अडचण सोडवली ती कुठल्या मोठ्या प्राध्यापकाने नाही, जर्मनीतल्या एका छोट्या गावातल्या डॉक्टरने. त्यांचं नाव फ्रिडरिश हॉफमन. १८४१ मध्ये त्यांनी मधोमध भोक असलेला आरसा वापरायची युक्ती मांडली. आरशाने उजेड कानात सोडायचा आणि भोकातून आपण बघायचं. फार कुणी लक्ष दिलं नाही. पुढे १८५५ मध्ये फॉन ट्रोल्च या कानाच्या डॉक्टरांनी तीच युक्ती अंतर्गोल आरसा घेऊन पुन्हा मांडली आणि ती सगळीकडे पसरली. जुन्या सिनेमातले डॉक्टर कपाळावर गोल आरसा बांधतात ना, तो याच घराण्यातला. आज आमच्या हातात असतो तो बॅटरीवर चालणारा, भिंग बसवलेला ऑटोस्कोप. कानाची पाळी वर आणि मागे ओढली की नळी सरळ होते आणि पडदा दिसतो.

घरी मोबाईलच्या टॉर्चने बघून भागत नाही, तेही याचमुळे. नळीच्या तोंडाशी दिसणारा थोडा मळ म्हणजे कान बंद असं नव्हे, आणि तोंडाशी स्वच्छ दिसणारा कान आत बंद असू शकतो.

आवाज कुठल्या कानात जातो?

आता तुम्ही हे वाचताना एक प्रयोग करा. एका कानात बोट घाला, भोक नीट बंद करा, आणि तोंड मिटून 'म्म्म्' असा सूर लावा. आवाज कुठल्या कानात मोठा वाटतो? बहुतेकांना तो बंद केलेल्या कानात मोठा वाटेल.

जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट वेबर यांनी १८३४ मध्ये ही गोष्ट नोंदवली. आवाज कवटीच्या हाडातूनही आतल्या कानापर्यंत पोचतो. बाहेरचा रस्ता बंद असला की हाडातून आलेला आवाज त्या बाजूला जास्त जाणवतो. १८५५ मध्ये अडॉल्फ रिने यांनी हवेतून आणि हाडातून येणाऱ्या आवाजाची तुलना करायची दुसरी चाचणी दिली. ट्यूनिंग फोर्क हे त्यासाठीचं साधन, तेही डॉक्टरचं नाही. जॉन शोर नावाच्या इंग्रज वादकाने १७११ मध्ये वाद्यं जुळवायला ते बनवलं होतं.

याचा उपयोग असा. समजा तुमचा एकच कान बंद झाला आहे. 'म्म्म्' म्हटल्यावर आवाज त्या बंद कानात मोठा येत असेल, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता जास्त: मळ, पाणी, सर्दीचा द्रव. पण आवाज चांगल्या कानाकडे पळत असेल, तर बंद वाटणाऱ्या कानाची नस दुखावली असू शकते. ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. पण किती घाईने डॉक्टरकडे जायचं हे ती सांगते. याचं कारण पुढे येईल.

धरण बांधलं जात होतं तेव्हा

भंडारदऱ्याच्या धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९२६ मध्ये पुरं झालं. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव धरणाला मिळालं. प्रवरेवर दगडाची सुमारे २७० फूट उंच भिंत सोळा वर्षांत उभी राहिली. गंमत म्हणजे कानाच्या वैद्यकातही याच काळात बरंच काही उभं राहत होतं.

व्हिएन्नात रॉबर्ट बाराणी नावाचे तरुण डॉक्टर पेशंटचे कान पिचकारीने धूत असत. काहींना धुताना गरगरायचं आणि त्यांचे डोळे एका बाजूला झटके देत हलायचे. एका पेशंटने सांगितलं की पाणी गार असलं की मला चक्कर येते, कोमट असलं की येत नाही. पुढे पाणी फार गरम असताना पुन्हा चक्कर आली, आणि या वेळी डोळे उलट दिशेला हलत होते. बाराणींना उलगडा झाला: शरीरापेक्षा गार किंवा गरम पाण्याने आतल्या कानातला द्रव हलतो आणि तोल सांभाळणारं यंत्र फसतं. या कामासाठी त्यांना १९१४ चं नोबेल पारितोषिक मिळालं. ते जाहीर झालं तेव्हा बाराणी पहिल्या महायुद्धात पकडले जाऊन रशियाच्या कैदेत होते.

कान धुण्याच्या साध्या कामातून नोबेल! आणि त्यातला धडा आजही तितकाच कामाचा आहे. कान धुवायचं पाणी अंगाच्या तापमानाचं, म्हणजे ३७ अंशांच्या आसपास हवं. थंडीच्या दिवसांत नळाच्या पाण्याने कान धुतला तर धडधाकट माणूसही टेबलावरून पडेल.

१९२१ मध्ये स्वीडनचे कार्ल ओलोफ नायलेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेत पहिल्यांदा सूक्ष्मदर्शक वापरला. आज ईएनटी डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली बघत बारीक सक्शनने मळ ओढून काढतात, ते त्याचंच पुढचं पाऊल. ज्यांच्या पडद्याला भोक आहे किंवा कानाचं ऑपरेशन झालं आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत पाण्यापेक्षा सुरक्षित आहे. ऐकू किती येतं हे आकड्यांत मोजणारी विजेवरची ऑडिओमीटर यंत्रंही १९२०च्या दशकातच दवाखान्यांत यायला लागली.

आणि १९२३ मध्ये अमेरिकेत लिओ गेर्स्टेनझांग यांनी पत्नीला दात कोरायच्या काडीला कापूस गुंडाळून बाळाची स्वच्छता करताना पाहिलं आणि तयार कापूसकाडी बाजारात आणली. पुढे तिचं 'क्यू-टिप्स' हे नाव जगभर झालं. आज अशा काड्यांच्या पाकिटावरच लिहिलेलं असतं की कानाच्या नळीत घालू नका. घरोघरी ती घातली जाते फक्त कानाच्या नळीतच! आणि ती नसेल तर आगकाडी, सेफ्टी पिन, केसांची पिन, गाडीची किल्ली आहेच.

घाटातला दडा, पावसातला दडा

मुंबईहून भंडारदऱ्याला येणाऱ्यांना एक अनुभव नेहमी येतो. कसारा घाट चढला की कानाला दडे बसतात. आपण समुद्रसपाटीपासून सातशे मीटरहून वर येतो, बाहेरच्या हवेचा दाब कमी होतो आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा राहत नाही. नाकाच्या मागून मधल्या कानात जाणारी नळी उघडली की दडा सुटतो. म्हणून गिळा, जांभई द्या, चिंचेची गोळी चघळा. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून हलकेच हवा सोडायची युक्ती इटलीचे आंतोनिओ वाल्साल्वा यांनी १७०४ च्या आपल्या ग्रंथात दिली आणि ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. सर्दी असेल तर मात्र जोर लावू नका.

हा दडा मळाचा नसतो, म्हणून काडी घालून सुटत नाही. उलट हॉटेलच्या खोलीत काडी फिरवून कित्येक जण मळ आत ढकलतात आणि सोमवारी आमच्याकडे येतात.

पावसाचा किंवा आंघोळीचा दडा वेगळा. कानात मळ आधीपासून असतो, पण कडेने बारीकशी फट असते आणि तेवढ्या फटीतून ऐकू नीट येत असतं. धबधब्याखाली किंवा डोक्यावरून आंघोळ करताना पाणी शिरलं की मळ फुगतो, फट बुजते आणि कान एकदम बंद होतो. पेशंट सांगतात, "काल रात्री चांगलं होतं, सकाळी बहिरा झालो." यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तो मळच आहे याची खात्री कुणी करायची? इथेच माझी दुसरी गोष्ट येते.

मळ समजून वाया गेलेले दिवस

चाळिशीच्या एक बाई. सकाळी उठल्या तर डावा कान बंद, आत शिट्टीसारखा आवाज आणि थोडी चक्कर. घरच्यांनी ठरवलं, मळ असणार. तेल घातलं. चार दिवसांनी दुकानातून ड्रॉप्स आणले. त्यांनी फरक पडेना म्हणून दुसरे आणले. माझ्याकडे आल्या तेव्हा पाच आठवडे झाले होते. कानात बघितलं तर नळी स्वच्छ, पडदा नितळ. मळ कधी नव्हताच. ट्यूनिंग फोर्क कपाळावर ठेवला तर आवाज चांगल्या, उजव्या कानाकडे गेला. ऑडिओमेट्रीने तेच सांगितलं: डाव्या कानाची ऐकण्याची नस अचानक दुखावली होती.

या आजारात पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत स्टेरॉइडची औषधं सुरू झाली तर ऐकू परत येण्याची संधी बरी असते. नंतर ती झपाट्याने कमी होते. त्या बाईंचं त्या कानाचं ऐकणं परत आलं नाही. पहिल्याच दिवशी कुणी तीस सेकंद कानात बघितलं असतं, तर मळ नाही हे तेव्हाच कळलं असतं.

म्हणून 'आधी कानात बघा' या सांगण्याला दोन बाजू आहेत. मळ असेल तर वयाला दोष देत बसू नका. मळ नसेल तर मळ समजून वेळ घालवू नका. मळ आहे की नाही हे अंदाजाने ठरत नाही. आपल्याकडे 'कानात तेल घालून बसणे' म्हणजे दुर्लक्ष करणे. त्या बाईंच्या बाबतीत हा वाक्प्रचार शब्दशः खरा ठरला.

आता काय करायचं?

ऐकू कमी येतंय असं वाटलं की हे लक्षात ठेवा:

१. अचानक, म्हणजे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाने ऐकू येईनासं झालं, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. चक्कर, कानात आवाज, तोंड वाकडं होणं यांपैकी काही सोबत असेल तर थांबूच नका.

२. हळूहळू कमी येत असेल तरी मशीन घेण्याआधी कान तपासून घ्या. शिबिरात मशीन मिळत असेल तर "आधी कानात बघितलं का?" असं विचारायला संकोच करू नका. आधीपासून मशीन वापरणाऱ्यांचं मशीन शिट्टी मारायला लागलं किंवा आवाज बारीक झाला, तर दुरुस्तीला टाकण्याआधी कान बघा.

३. कानात काडी, पिन, किल्ली नको. आंघोळीनंतर कानाचं बाहेरचं भोक टॉवेलच्या टोकाने पुसा, तेवढं पुरे.

४. कान दुखत असेल, वाहत असेल, पडद्याला भोक असल्याचं माहीत असेल, कानाचं ऑपरेशन झालं असेल, तर स्वतःहून तेल, ड्रॉप्स, पाणी काहीही घालू नका. मधुमेह असेल, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, किंवा एकाच कानाने ऐकू येत असेल तर मळ काढण्याआधी डॉक्टरला तसं सांगा.

५. मूल कानात भाताचा किंवा हरभऱ्याचा दाणा घालून घेतं. तिथे पाणी घालू नका, दाणा फुगतो.

६. मळ निघाल्यावर ऐकू आलं की नाही ते पुन्हा तपासा. मळाखाली दुसरं कारणही लपलेलं असू शकतं. ग्लासगोच्या थॉमस बार यांनी १८८६ मध्ये बॉयलर बनवणाऱ्या १०० कामगारांचे कान तपासले, तेव्हा एकाचंही ऐकणं पूर्णपणे धड नव्हतं. जन्मभर खाणीत, मळणीयंत्रावर किंवा ढोल-ताशांत काम केलेल्या माणसाच्या कानात मळही असू शकतो आणि नसही थकलेली असू शकते.

यासाठी लांब मोठ्या शहरात जावं लागतं असं नाही. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००७ मध्ये सुरू झाला, त्याचा हेतूच हा होता की कानाची पहिली तपासणी गावाजवळ व्हावी. त्या कार्यक्रमाच्या कागदपत्रांत, उपचाराने बऱ्या होणाऱ्या बहिरेपणाचं सगळ्यात मोठं कारण म्हणून कानातल्या मळाचंच नाव आहे. भंडारदऱ्याच्या माणसाने आधी राजूर किंवा अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात कान दाखवावा. तिथे मळ निघाला नाही किंवा निघूनही ऐकू आलं नाही, तर ईएनटी तज्ज्ञाकडे जावं आणि ऑडिओमेट्री करून घ्यावी.

आता आपले आजोबा. त्या दिवशी मी मळ काढला नाही. तो दगडासारखा झाला होता, ओढला असता तर कातडी सोलली असती. सुश्रुतांचाच क्रम: आधी मऊ, मग काढणं. पाच दिवस ड्रॉप्स घालायला दिले आणि सुनेला सांगितलं, कान आणखी बंद वाटेल, घाबरू नका, मळ फुगतोय. पुढच्या आठवड्यात कोमट पाण्याच्या पिचकारीने दोन्ही कानांतून बोराच्या बीएवढे बोळे निघाले. नंतर पडदा बघितला, तो शाबूत होता.

बाहेर सर आली होती. आजोबांनी मान वर केली, छताच्या पत्र्याकडे बघितलं आणि विचारलं, "पाऊस एवढ्या जोराचा चालूये का कधीचा?"

सगळं ऐकू आलं असं नाही. ऑडिओमेट्रीत वयाचा थोडा बहिरेपणा निघाला, आणि बारीक आवाजात बोललं की अजूनही त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागतं. मशीन लागेल की नाही ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासून ठरवू. पण आता सून त्यांच्याशी ओरडून बोलत नाही. आणि कार्तिकात काकड आरतीला ते जाऊन आले. ठेका चुकला का, असं मी विचारलं. म्हणाले, "पोरांचाच चुकत होता."

तुमच्या घरात असे कुणी आजी-आजोबा असतील, ज्यांना सांगणं तुम्ही सोडून दिलं आहे, तर या आठवड्यात त्यांचे कान एकदा डॉक्टरला दाखवा. मळ निघेलच असं नाही. पण काय आहे आणि काय नाही, हे तरी कळेल.